खेळाडूने संमती नेमकी कशाला दिली होती?

भारतीय दंडविधानात 1860 पासून एक लहानसे उदाहरण होते. दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचे ठरवतात. असे ठरवले म्हणजे खेळाच्या ओघात, कपट न करता जी इजा होईल ती सोसायला दोघांचीही संमती आहे, असे कायदा धरून चालतो. नियमाने खेळताना एकाच्या हातून दुसऱ्याला लागले तर तो गुन्हा ठरत नाही. कलम 87 मधले हे उदाहरण आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये आले आहे. ते इतकी वर्षे टिकले, कारण त्यामागे व्यवहारज्ञान आहे. आखाड्यात उतरायचे आणि पाठीला माती लागली म्हणून फिर्याद करायची, हे कुणालाच पटणार नाही. पण या उदाहरणात माणसे दोनच आहेत. व्यावसायिक खेळात एक तिसराही असतो. तो सामना ठरवतो, नियम लिहितो, डॉक्टर नेमतो, तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क विकतो. मैदानावर तो उतरत नाही आणि टोलाही मारत नाही, म्हणून जबाबदारीचा विषय निघाला की त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत मेंदूला होणाऱ्या इजेची कायदेशीर जबाबदारी मुख्यतः या तिसऱ्याची आहे, असे माझे म्हणणे आहे. खेळाडूच्या संमतीची ढाल त्याला पुढे करता येणार नाही, कारण माणूस जेवढे जाणतो तेवढ्यालाच संमती देऊ शकतो.

आधी ही इजा कसली ते पाहू. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्यावर धडक बसली, किंवा धडक छातीवर बसून मान झटक्यात फिरली, की कवटी थांबते आणि मेंदू तिच्या आत हेलकावा खातो. त्या पिळात चेतापेशींचे बारीक तंतू ताणले जातात आणि काही काळ त्यांचे कामकाज विस्कटते. हाड मोडत नाही, रक्त दिसत नाही, सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. माणूस बेशुद्ध पडला तरच कन्कशन, असा समज आहे. पण बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. खेळाडू उठतो, जर्सी झटकतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पुन्हा जागेवर उभा राहतो. गुडघा निखळला तर खेळाडूला ते कळते, कारण सांगणारा मेंदू शाबूत असतो. इथे मात्र खेळायचे की थांबायचे हे ज्या अवयवाने ठरवायचे, तोच जखमी झालेला असतो. म्हणून हा निर्णय खेळाडूवर सोपवणे म्हणजे कुणीच निर्णय न घेणे.

एका हादऱ्याहून मोठा प्रश्न अनेक हादऱ्यांचा आहे. न्यू जर्सीतले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच मुष्टियोद्ध्यांच्या ‘पंच ड्रंक’ अवस्थेवर वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते, बुद्धी मंदावते, असे ते निरीक्षण होते. आज या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. यात टाउ नावाचे प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांभोवती साचत जाते. तो होण्यासाठी प्रत्येक वेळी कन्कशन व्हावेच लागते असे नाही. काहीही लक्षण न दाखवणाऱ्या लहान लहान धक्क्यांची बेरीजही पुरते. त्याचे खात्रीचे निदान अजून तरी मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. म्हणजे ही इजा तरुणपणी होते, चाळिशी-पन्नाशीत जाणवते आणि मेल्यावर सिद्ध होते. अपघात, जखम आणि दावा एकामागोमाग येतात या गृहीतावर उभ्या असलेल्या कायद्याला असली इजा पेलणे अवघड जाते.

तरीही कायद्याने वाट काढलेली आहे, आणि तिचा सर्वांत स्पष्ट टप्पा लंडनमध्ये सापडतो. 21 सप्टेंबर 1991 च्या रात्री व्हाइट हार्ट लेन मैदानावर मायकल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची जागतिक विजेतेपदाची लढत झाली. बाराव्या फेरीत पंचांनी ती थांबवली आणि थोड्याच वेळात वॉटसन कोसळला. मेंदूत रक्तस्राव सुरू झाला होता. डॉक्टर हजर होते, पण रिंगजवळ प्राणवायू देऊन श्वासोच्छ्वास चालू ठेवण्याची साधने आणि ती वापरू शकणारा माणूस असावा, असा नियमच नव्हता. लढत संपल्यापासून इस्पितळात पोहोचेपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला. त्या इस्पितळात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती, म्हणून तिथून दुसरीकडे हलवावे लागले. अशा वेळी जाणारे प्रत्येक मिनिट मेंदूचा काही भाग घेऊन जाते. वॉटसन चाळीस दिवस बेशुद्ध होता, त्याच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या, तो वाचला आणि कायमचा अपंग झाला. त्याने दावा युबँकवर लावला नाही. युबँकने नियमाने ठोसे मारले होते. दंडविधानातल्या उदाहरणातला तो दुसरा माणूस होता. वॉटसनने दावा लावला ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर, म्हणजे तिसऱ्यावर.

मंडळाचे म्हणणे असे होते की आम्ही फक्त नियम करतो. सामना प्रवर्तकाचा, ठोसे प्रतिस्पर्ध्याचे, आमचा संबंध काय? न्यायालयाने हे मानले नाही आणि 2000 च्या डिसेंबरात अपील न्यायालयानेही मंडळाला जबाबदार धरले. त्यामागचा विचार असा. ब्रिटनमध्ये मंडळाच्या परवान्याशिवाय व्यावसायिक लढत होऊ शकत नव्हती. वैद्यकीय व्यवस्था कशी असावी हे मंडळच ठरवत होते आणि मुष्टियोद्धे त्यावर विसंबून होते. रिंगमध्ये मेंदूला इजा होऊ शकते आणि पहिल्या काही मिनिटांतल्या उपचारांवर सारे अवलंबून असते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. ज्याच्या हातात नियंत्रण आहे आणि ज्याला धोक्याची जाण आहे किंवा असायला हवी, त्याच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते. वॉटसनने प्रतिस्पर्ध्याच्या ठोशांना संमती दिली होती. अपुऱ्या वैद्यकीय व्यवस्थेला दिली नव्हती. या विषयाचा सारा कायदा याच भेदावर उभा आहे.

याविरुद्ध जाणारा निकालही आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच ‘अगर विरुद्ध हाइड’ या प्रकरणात उलट दिशेने निर्णय दिला. रग्बीत दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या स्क्रममध्ये मान मोडलेल्या दोन खेळाडूंनी खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सदस्यांवर दावा लावला होता. सज्ञान माणसे स्वखुशीने खेळली, आणि जगभर खेळणाऱ्या प्रत्येकाप्रती कर्तव्य दूर बसून नियम सुचवणाऱ्यांवर लादता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर विरोध वाटतो तेवढा उरत नाही. ऑस्ट्रेलियातले खेळाडू हौशी होते, प्रतिवादींचा त्यांच्या सामन्याशी थेट संबंध नव्हता आणि स्क्रममध्ये मान अडकण्याचा धोका उघड दिसणारा होता. वॉटसनच्या वेळी मंडळ सामन्याच्या अगदी जवळ होते आणि सारी सूत्रे त्याच्या हातात होती. अंतर वाढले की जबाबदारी विरते; नियंत्रण, माहिती आणि मोबदला एका ठिकाणी आले की ती घट्ट होते. व्यावसायिक लीगमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली असतात.

माहितीचा मुद्दा समजून घ्यायला अमेरिकेतल्या माइक वेबस्टरकडे जावे लागते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा सेंटर सतरा हंगाम अमेरिकन फुटबॉल खेळला आणि चार वेळा सुपर बोल जिंकला. सेंटरचे काम असे की प्रत्येक डावाला चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्यावर डोके घेऊन आदळायचे. सामन्यात हे पुन्हा पुन्हा, सरावात त्याहून जास्त. निवृत्तीनंतर त्याची स्मरणशक्ती ढासळली, पैसा गेला, घर तुटले; काही काळ तो आपल्या ट्रकमध्येच झोपत असे. 2002 मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याचा मेंदू बाहेरून अगदी व्यवस्थित दिसला. आकसलेला नाही, जखमेची खूण नाही. तिथेच फाइल मिटवता आली असती. पण त्याचे अखेरचे आयुष्य आणि हा मेंदू यांचा मेळ त्यांना बसेना. त्यांनी मेंदू जपून ठेवला, स्वतःच्या पैशांनी काप करून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना टाउचे ते गुंते दिसले. 2005 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

त्याच काळात लीग काय सांगत होती ते पाहा. नॅशनल फुटबॉल लीगने 1994 मध्ये मेंदूच्या सौम्य इजांवर एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष मेंदूतज्ज्ञ नव्हते, संधिवाततज्ज्ञ होते. समितीने 2003 पासून लेखांची मालिका प्रसिद्ध केली. तिचा सूर असा की कन्कशन झालेला खेळाडू त्याच सामन्यात परतला तरी फारसा धोका नाही. ओमालू यांचा लेख आल्यावर समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. 2007 मध्ये खेळाडूंना वाटलेल्या पत्रकात लीगने लिहिले की योग्य उपचार झाले तर एक-दोनहून जास्त कन्कशनमुळे कायमचे नुकसान होते असे आजवरच्या संशोधनात दिसलेले नाही. इकडे लीगच्या निवृत्तिवेतन योजनेच्या मंडळाने 1999 मध्येच वेबस्टरला पूर्ण अपंगत्वाचा लाभ मंजूर केला होता, आणि त्यामागच्या वैद्यकीय मतांनी त्याचे अपंगत्व फुटबॉलमधल्या डोक्याच्या मारांशी जोडले होते. या मंडळावर संघमालक आणि खेळाडूंची संघटना या दोघांचेही प्रतिनिधी असतात हे खरे. म्हणून ते म्हणजेच लीग असे म्हणता येणार नाही. पण एका खोलीत एका खेळाडूचे अपंगत्व मान्य होते आणि शेजारच्या खोलीतून बाकीच्यांना निर्धास्त राहायला सांगितले जाते, तेव्हा त्या बाकीच्यांनी दिलेल्या संमतीला काय किंमत उरते? लीगच्या प्रवक्त्याने दीर्घकालीन परिणामांची कबुली 2009 च्या डिसेंबरात दिली, तीही अमेरिकी संसदेच्या समितीपुढे खरडपट्टी निघाल्यावर. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला 2016 उजाडले.

2011 पासून माजी खेळाडू न्यायालयात गेले. दावेदारांची संख्या साडेचार हजारांच्या वर गेली आणि फिलाडेल्फियात न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यापुढे सारे दावे एकत्र झाले. लीगचा मुख्य बचाव तांत्रिक होता: खेळाडू संघटनेशी सामूहिक करार झालेला आहे, तेव्हा वाद लवादाकडे जावा, न्यायालयात नको. या मुद्द्यावर निकाल लागण्याआधीच 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. एवढी रक्कम पुरेल का, अशी शंका घेऊन न्यायाधीशांनी ती परत पाठवली. मग एकूण रकमेवरची मर्यादा काढली गेली, 2015 मध्ये अंतिम मान्यता मिळाली आणि अपिले संपून जानेवारी 2017 पासून तडजोड अमलात आली. वीस हजारांहून अधिक निवृत्त खेळाडू, पासष्ट वर्षांची मुदत, एएलएस या चेतारोगासाठी जास्तीत जास्त 50 लाख डॉलर, अल्झायमर किंवा पार्किन्सनसाठी 35 लाख, तीव्र स्मृतिभ्रंशासाठी 30 लाख. आजवर वाटलेली रक्कम 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. आजारी माणसांच्या घरी पैसा पोहोचला, उपचार झाले, कुटुंबे सावरली. हे मोठे काम आहे आणि त्याला कमी लेखणे बरोबर नाही.

पण जबाबदारीच्या दृष्टीने या तडजोडीत तीन उणिवा राहिल्या. पहिली म्हणजे लीगने चूक कबूल केली नाही आणि कागदपत्रे उघड करण्याचा टप्पा येण्याआधीच प्रकरण मिटले. लीगला काय, कधी आणि किती ठाऊक होते, हे न्यायालयात शपथेवर तपासले गेलेच नाही. दुसरी उणीव सीटीईची. ज्या विकारामुळे हे सारे सुरू झाले, त्याची भरपाई फक्त 22 एप्रिल 2015 पूर्वी वारलेल्या आणि निदान झालेल्या खेळाडूंच्या कुटुंबांना मिळाली. त्यानंतर केवळ सीटीईने गेलेल्यासाठी वेगळे काही नाही. तिसरी उणीव लाजिरवाणी होती. बुद्धी किती ढासळली हे मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी धरण्याची पद्धत वापरली गेली, त्यामुळे त्यांना आजार सिद्ध करणे गोऱ्या खेळाडूंपेक्षा कठीण झाले. दोन माजी खेळाडूंनी 2020 मध्ये आव्हान दिल्यावर अखेर 2022 मध्ये ती पद्धत बंद झाली. शेजारच्या खेळाचा अनुभव आणखी तोकडा आहे. आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगविरुद्धच्या दाव्यात खेळाडूंना सामूहिक दाव्याची परवानगी मिळाली नाही आणि 2018 मध्ये सुमारे तीनशे खेळाडूंसाठी 1 कोटी 89 लाख डॉलरवर प्रकरण मिटले. मेंदू सारखाच, इजा सारखीच. पण भरपाई ठरली ती दाव्याची कायदेशीर ताकद आणि वाटाघाटीतले बळ यांवर. जबाबदारी आधी लिहून ठेवली नाही की असे होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत जुना: खेळाडूंना ठाऊक होते, त्यांनी पैसे घेतले, मग तक्रार कसली? स्वखुशीने पत्करलेल्या धोक्याबद्दल दाद मागता येत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनाही परिचित आहे. पण ते तत्त्व लागू व्हायला माणसाला धोका नुसता ऐकून माहीत असून चालत नाही. त्याचे स्वरूप समजून त्याने तो पत्करलेला असावा लागतो. गुडघा जाईल, बरगडी मोडेल, हे फुटबॉलपटूला ठाऊक होते. पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्याच मुलांची नावे आठवणार नाहीत, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. उलट चिंता नको असे सांगणारे पत्रक त्याच्या हातात ठेवले होते. कलम 25 पुन्हा वाचले तर दिसते की मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव करणाऱ्याला ठाऊक असेल, तर तिथे हे कलम मदतीला येत नाही आणि संमती देणारा अठरा वर्षांवरचा असावा लागतो. ज्ञान आणि वय यांची अट जुन्या कायदेपंडितांनी तलवारबाजीच्या खेळालाही घातली होती.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे: कार्यकारणभाव कसा सिद्ध करणार? खेळाडू शाळेत खेळला, कॉलेजात खेळला, चार संघांकडून खेळला. कुठल्या धडकेने मेंदू बिघडला हे कोण सांगणार? शिवाय स्मृतिभ्रंश न खेळणाऱ्यांनाही होतो. इथे प्रामाणिकपणा हवा. बोस्टन विद्यापीठाने 2017 मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई आढळल्याचे सांगितले, पण दान आलेले मेंदू बहुधा लक्षणे दिसलेल्यांचेच असतात, त्यामुळे त्यावरून सर्वसाधारण प्रमाण काढता येत नाही, असेही त्याच संशोधकांनी बजावले. म्हणून ग्लासगोचा 2019 चा अभ्यास महत्त्वाचा. त्यात स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या (हा फुटबॉल अमेरिकन नव्हे, नेहमीचा) नोंदी सर्वसामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. हृदयरोगाने मरण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते, पण मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचे प्रमाण सुमारे साडेतीन पट होते. राहिला कायद्याचा भाग. नेमका कुठला कण फुफ्फुसात गेला हे धुळीच्या रोगातही सांगता येत नाही. 1956 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बॉनिंग्टन खटल्यात ठरवले की सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसे गेलेल्या कामगाराने मालकाच्या चुकीचा वाटा नगण्य नव्हता एवढे दाखवले तरी पुरे. 2002 मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात, अनेक मालकांकडे ॲस्बेस्टॉस अंगावर घेतलेल्या कामगाराला कुठल्या मालकाकडचा तंतू घातक ठरला हे सांगता येत नाही म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणे अन्यायाचे आहे, असे त्याच सभागृहाने म्हटले. धुळीच्या जागी धक्का ठेवला की प्रश्न तोच राहतो.

गिरणगावाच्या इतिहासात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गिरणीतल्या कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षे कापसाची धूळ छातीत घेणाऱ्याला बिसिनोसिस होत असे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदला गेला. धूळ दिसत असतानाही तू कामाला आलास, पगारही घेतलास, म्हणजे तुझी संमती होती, असे त्या कामगाराला म्हणणे आज कुणाच्याही जिभेवर येणार नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲसल 2002 मध्ये एकोणसाठाव्या वर्षी वारला, तेव्हा कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचे कारण म्हणून औद्योगिक रोग असाच शेरा दिला. आयुष्यभर डोक्याने चेंडू मारल्यामुळे त्याचा मेंदू झिजला होता. त्या शेऱ्यात या लेखाचे सार आहे. व्यावसायिक खेळाडूचे मैदान हे कामाचे ठिकाण आहे, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता ही मालकाची आणि नियामकाची जबाबदारी असते.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: अशाने खेळच संपतील, प्रत्येक धडकेचा खटला होईल. तसे होत नाही. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिल ह्यूज 2014 मध्ये उसळत्या चेंडूने गेला. चौकशीअंती कोरोनरने 2016 मध्ये म्हटले की हा अपघात होता, गोलंदाज किंवा इतर कुणी दोषी नाही. नियम पाळले गेले आणि तरी आघात झाला, तर कायदा दोषी शोधत बसत नाही. आणि जिथे दोष ठरला तिथेही खेळ मेला नाही. वॉटसनच्या दाव्यानंतर विमा नसलेले बॉक्सिंग मंडळ आर्थिक संकटात सापडले, 4 लाख पौंडांवर तडजोड झाली, पण ब्रिटनमध्ये बॉक्सिंग चालू आहे. वॉटसनवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पीटर हॅमलिन यांच्या आग्रहामुळे रिंगजवळच्या उपचारांची पद्धत बदलली होती. 1998 मध्ये मुष्टियोद्धा स्पेन्सर ऑलिव्हर लंडनमध्ये असाच कोसळला तेव्हा तिथल्या तिथे उपचार मिळाले, आणि तो वाचून चांगले आयुष्य जगला. रग्बीतही तोच प्रवास चालू आहे. 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातला स्टीव्ह थॉम्पसन याने 2020 मध्ये आपल्याला कमी वयात स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगितले. तो विजय त्याला आठवत नाही. त्याने आणि इतरांनी जागतिक संघटनेसह इंग्लंड आणि वेल्सच्या संघटनांवर दावा लावला आहे. कन्कशनचा संशय असलेल्या खेळाडूला बाहेर नेऊन तपासण्याची पद्धत त्याआधीच आली होती आणि 2024 पासून वरच्या दर्जाच्या सामन्यांत धडकेचा जोर मोजणारे माउथगार्ड आले. नियम बदलले की खेळ बदलतो, आणि बदललेला खेळही लोक पाहतात.

हा प्रश्न आता आपल्या अंगणातही आहे. प्रो कबड्डी 2014 पासून व्यावसायिक झाली. रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम 2025 मध्ये मुंबईत अंधेरीला झाला. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना त्याचे डोके बचावपटूंच्या गुडघ्यांच्या उंचीवर असते, आणि वरून तीन-चार जण कोसळतात. हे प्रत्येक सामन्यात दिसते. क्रिकेटने 2019 मध्ये कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडूची सोय केली, तो शहाणपणा सर्वांनी घ्यावा असा आहे, कारण त्याने खरे बोलणाऱ्या खेळाडूची आणि त्याच्या संघाची शिक्षा रद्द होते. पण जानेवारी 2025 मध्ये पुण्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसून त्याच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा सारी चर्चा बदली खेळाडू तोडीस तोड होता की वरचढ यावर झाली. दुबेच्या डोक्याची चौकशी फार थोड्यांनी केली. आपण अजून या इजेकडे डावपेचाच्या नजरेने पाहतो.

म्हणून अमेरिकेसारखी आधी माणसे झिजवून मग तडजोड करण्यापेक्षा कर्तव्य आधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये शाळकरी खेळाडूंसाठी तसा कायदा केला. पालक आणि खेळाडूंना लेखी माहिती, संशय येताच मैदानाबाहेर, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. 2014 पर्यंत सर्व राज्यांनी असे कायदे केले. व्यावसायिक खेळाडूला यात आणखी काही गोष्टी मिळायला हव्यात. खेळ थांबवण्याचा शेवटचा शब्द संघाकडून पगार न घेणाऱ्या डॉक्टरचा असावा. सरावातल्या धडकांवर मर्यादा असावी, कारण बहुतेक धक्के तिथेच बसतात. प्रत्येक खेळाडूच्या डोक्याच्या इजांची नोंद राहावी आणि ती त्याच्या हाती असावी. निवृत्तीनंतर दहा-वीस वर्षांनी उमटणाऱ्या आजारालाही विम्याचे छत्र असावे, आणि दाव्याची मुदत इजेच्या दिवसापासून न मोजता आजार उमगल्यापासून मोजावी. हे सारे करणाऱ्या आयोजकाला पुढे न्यायालयाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

खेळाडूने मैदानावर उतरताना प्रतिस्पर्ध्याच्या बळाला संमती दिलेली असते. ज्यांनी नियम केले, तिकिटे विकली आणि अहवाल वाचले, त्यांच्या मौनाला त्याने कधीच संमती दिलेली नव्हती. आपल्या लीग अजून तरुण आहेत आणि त्यांचे पहिले खेळाडू आता कुठे निवृत्त होऊ लागले आहेत. त्यांच्या मेंदूंची नोंद आजपासून ठेवा आणि ती त्यांना दाखवा.